उंदीर पाळले की कागद, व्हिनेगर आणि नेलकटर आलंच

आईचं म्हणणं असं, की लोक उंदीर घराबाहेर काढायला पिंजरा लावतात आणि आमच्या चिरंजीवांनी घरात ठेवायला लावला. घराला वास मारला तर पिंजऱ्यासकट बाहेर, ही अट घालूनच बंड्या आणि टिल्लू आमच्याकडे राहायला आले. दोघंही नर. उंदीर एकटा ठेवला की कुढतो, म्हणून दोन घ्यावेच लागतात. साहजिकच लेंड्या आणि लघवीही दुप्पट.

वासाचं मूळ लघवीत. ती अंथरुणात मुरली की अमोनिया सुटतो. आपल्याला उभ्या उभ्या वास येईपर्यंत तळाशी झोपलेल्या उंदराच्या छातीत तो केव्हाच गेलेला असतो. पाळीव उंदरांत मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू सर्रास आढळतो. एरवी गुपचूप पडून असतो, पण अमोनियाने श्वासनलिका चुरचुरली की डोकं वर काढतो आणि शिंका, घरघर सुरू होते. म्हणून मी सफाई करतो ती आधी त्यांच्या फुप्फुसांसाठी. पाहुण्यांच्या नाकाचं नंतर बघू.

सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, तरी मी आणत नाही. त्यात बारीक धूळ असते, शिवाय पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनचं लाकूड असलं तर त्याचा उग्र अंश उंदरांना बाधतो. त्यापेक्षा कोऱ्या कागदाच्या पट्ट्या बऱ्या. एका कोपऱ्यात उथळ ट्रे आणि त्यात एक गुळगुळीत दगड ठेवलाय. दगडावर चढून लघवी करायला उंदरांना भारी आवडतं. रोज सकाळी तो ट्रे रिकामा करून दगड धुतला की निम्मं काम तिथेच संपतं.

मोठी सफाई आठवड्यातून एकदा, रविवारी. दोघांना हवेशीर खोक्यात बसवायचं, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालायचे. कागदावर आधी पाण्याचा फवारा मारतो, म्हणजे धूळ उडत नाही. गजांवर आणि ट्रेच्या कडांना लघवीचा पांढरट खर चढलेला असतो. तो नुसत्या साबणाला दाद देत नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून शिंपडायचं, दहाएक मिनिटं थांबायचं आणि मग घासायचं. नखाने खरवडूनही न निघणारा खर ब्रशबरोबर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. मग भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचं. फिनाईल अजिबात नको. लघवी मुरलेल्या ट्रेवर ब्लीच तर कधीच ओतू नये, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. उंदरांची बादली आणि ब्रश वेगळे, स्वयंपाकघराच्या सिंकशी त्यांचा संबंध नाही.

मात्र सगळंच एका दिवशी लख्ख करायचं नाही. आपला वास पार गेला की उंदीर बिथरतात आणि दुप्पट जोमाने जागोजागी लघवीचे थेंब सोडत हिंडतात. म्हणून मी मूठभर जुना, कोरडा कागद परत टाकतो आणि झोपायच्या झोळ्या आलटून पालटून धुतो.

पावसाळ्यात जास्त सांभाळतो. लेप्टो उंदराच्या लघवीतून पसरतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाहेरच्या उंदराकडून तो पाळीव उंदरालाही होऊ शकतो हे लक्षात येत नाही. त्यामुळे खाणं घट्ट डब्यात आणि पिंजरा खिडकीपासून लांब. चावा बसलाच तर साबणाने धुऊन थेट डॉक्टर गाठावा.

आता त्यांची स्वतःची स्वच्छता. अंघोळ घालायची गरज नसते, ते दिवसभर स्वतःला चाटतच असतात. झोपेतून उठल्यावर कधीकधी डोळ्यांच्या कडेला लाल ठिपका दिसतो. तो रक्ताचा वाटतो, पण डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं ते पॉर्फिरिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. ओल्या कापसाने हलकेच पुसलं की कापूस गुलाबी होतो. थोडंसं असेल तर काळजी नाही. रोज येऊ लागलं, नाकही भरलं, तर ताण किंवा आजार समजायचा आणि पशुवैद्याकडे न्यायचं.

नरांच्या शेपटीवर तपकिरी, तेलकट मळ बसतो. जवळून पाहिलं तर खवल्यांच्या ओळी दिसतात, सगळ्या टोकाकडे वळलेल्या. म्हणून कोमट पाण्यात बुडवलेला लहान मुलांचा मऊ ब्रश बुडाकडून टोकाकडेच फिरवायचा. उलटा फिरवला की बंड्या लगेच अंग चोरतो. शेपटीच्या टोकाला धरून उंदीर उचलू नये, तिथली कातडी मोज्यासारखी निघून येते.

नखं कापायला दोन माणसं लागतात. एकाने छातीशी धरून चमचाभर दही चाटायला द्यायचं, दुसऱ्याने फक्त पारदर्शक टोक उडवायचं. आतली गुलाबी रेघ म्हणजे रक्तवाहिनी, तिच्या अलीकडेच थांबायचं. तरी रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. टिल्लू दह्याला भुलत नाही. त्याच्यासाठी पाण्याच्या बाटलीखाली खडबडीत विटेचा तुकडा ठेवलाय. पाणी प्यायला तिथे उभं राहावंच लागतं, त्यात नखं थोडीफार झिजतात.

पिवळे दात पाहून लोक विचारतात, ब्रश करत नाही का? उंदराचे पुढचे दात पिवळे-नारिंगीच असतात. ते आयुष्यभर वाढतात, म्हणून वेडेवाकडे वाढत नाहीत ना एवढंच मी ओठ उचलून बघतो.