कलर कुठला ते नंतर, केस किती उजळवायचे ते आधी ठरवा

सध्या सांगलीत विश्रामबागच्या कुठल्याही पार्लरला जा, खुर्चीत बसलेली मुलगी मोबाईल पुढं करून म्हणतेय, ताई असं करून द्या. फोटो बहुतेक वेळा बालायाजचा, म्हणजे मुळं काळी ठेवून खालच्या केसांना उजळ छटा दिलेला असतो, नाहीतर चेहऱ्याजवळच्या दोन बटा उजळवलेली मनी पीस, नाहीतर अ‍ॅश ब्राऊन. कॉपर आणि बरगंडी तर कॉलेजच्या पोरींपासून लग्नातल्या करवलीपर्यंत सगळीकडं दिसतंय. मला हे बघायला मनापासून आवडतं. पूर्वी आपल्याकडं केसाला रंग म्हणजे पांढरे लपवायचे एवढंच होतं, आता हौस म्हणून करतात, आणि हौस करावीच. फक्त एक गोष्ट पोटतिडकीनं सांगायचीय, फोटोत कलर दिसतो, पण तो यायला त्या केसांना किती उजळवलंय ते दिसत नाही. आणि केस खराब व्हायचे की नाही ते बहुतेक तिथंच ठरतं.

पार्लरवाल्या केसांचा गडदपणा लेव्हलमध्ये मोजतात, 1 म्हणजे कुळकुळीत काळा आणि 10 म्हणजे एकदम फिका ब्लॉन्ड. आपले केस साधारण 1 ते 3 मधले. फोटोतला तो राखाडी झाक असलेला अ‍ॅश कलर बऱ्याचदा 7-8 लेव्हलचा असतो, म्हणजे मधल्या चार-पाच पायऱ्या ब्लीचनं चढायच्या. बरं, काळा रंग गेला की लगेच अ‍ॅश येत नाही, आधी लाल, मग केशरी, मग पिवळा असं ते उघडत जातं, कारण केसातलं काळं-तपकिरी रंगद्रव्य आधी तुटतं आणि लालसर-पिवळं चिवट असतं ते मागं राहतं. त्यावर टोनर म्हणजे वरची हलकी छटा मारून अ‍ॅश आणतात आणि टोनर धुण्याबरोबर उतरला की खालचा केशरी परत वर येतो. म्हणून ज्या मुली म्हणतात ना की महिन्याभरात माझा कलर पितळेसारखा झाला, त्यात दरवेळी पार्लरचीच चूक असते असं नाही. केशरी दिसत असेल तर निळा शॅम्पू, पिवळं दिसत असेल तर जांभळा, एवढा फरक लक्षात ठेवला तरी बरेच पैसे वाचतात.

केसावरचं बाहेरचं आवरण कौलारू घराच्या कौलांसारखं असतं, एकावर एक चढवलेलं. पर्मनंट कलरमधला अमोनिया ही कौलं उचलतो, पेरॉक्साईड आत जाऊन मूळ रंग फिका करतं आणि नवा रंग आतच तयार होतो. (अमोनिया फ्री लिहिलेलं असलं तरी त्याच्या जागी कौलं उचलायला दुसरं काहीतरी असतंच, नुसता वास कमी येतो.) डेव्हलपरच्या, म्हणजे कलरमध्ये मिसळायच्या पेरॉक्साईडच्या बाटलीवर 10, 20, 30, 40 व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, म्हणजे पेरॉक्साईड अनुक्रमे 3, 6, 9 आणि 12 टक्के. पांढरे झाकायला 20 पुरतं. घाईत लवकर उजळावं म्हणून कुणी 40 काढलं आणि तेही मुळाशी टाळूला लावायला लागलं तर सरळ नको म्हणा. ताई, डेव्हलपर कितीचा वापरताय, असं विचारायला लाजायचं काय त्यात, डोकं आपलं आहे. चांगली पार्लरवाली उलट खूश होते.

माझं स्पष्ट मत विचाराल तर आपल्या काळ्या केसांना आणि गव्हाळ-सावळ्या रंगाला कॅरॅमल, चॉकलेट, कॉपर, बरगंडी हेच खुलतात, कारण ते उघडणाऱ्या लाल-केशरीच्या विरुद्ध जात नाहीत, त्यालाच घेऊन पुढं जातात, दोन-तीन लेव्हलमध्ये काम होतं. लाल शेड लवकर फिकी पडते हे मात्र खरं. आणि बालायाजचं मला सगळ्यात आवडतं ते हे की मुळं काळीच राहतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, ग्लोबल म्हणजे सगळ्या केसांना मुळापासून एकच कलर केला की दोन महिन्यात भांगात काळी पट्टी, मग टचअप, आणि टचअप करताना तोच कलर परत खालपर्यंत ओढला की टोकांची वाट लागते. खांद्याखाली गेलेलं टोक दोन-तीन वर्षांचं जुनं असतं हो, त्यानं किती ऊन, किती स्ट्रेटनर सोसलेलं असतं.

आधी घरी काळा डाय लावत असाल तर पार्लरमध्ये ते नक्की सांगा, कारण कलरवर कलर लावून केस उजळत नाही, त्याला ब्लीचच लागतं. पॅकेटच्या मेंदीचंही सांगा, काही पॅकेटांत धातूचे क्षार असतात आणि पेरॉक्साईड लागलं की केस तापून खराब होतात. शंका असली तर एक बट कापून तिच्यावर आधी करून बघायला सांगायचं.

आता आपल्याकडचं पाणी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं बोअरच्या पाण्यावर केस धुणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, शॅम्पूला फेस येत नाही आणि केस वाळल्यावर काथ्यासारखे राठ. ते क्षार केसावर बसतात आणि कलर निस्तेज दिसतो. शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या गोड्या पाण्याचे घ्या, आणि पाणी कोमट, कडकडीत नको. स्कूटीवर आपण जो स्कार्फ गुंडाळतो ना, तो केसांवरून नीट घ्या, उन्हानं कलर उडतो. तेल लावू नका असं कलर केलेल्यांना सांगतात ते मला पटत नाही. धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसातलं प्रोटीन कमी निघून जातं असं आरती रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलंय, काम मॅरिकोच्या लॅबमधलं, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीचंच, हे खरं, पण आपल्या आज्यांचा अनुभवही तोच आहे. फक्त कलर केल्यावर पहिले काही दिवस थांबा आणि रात्रभर चप्पचप्प नको, तासभर पुरे.

कलरनं केस गळायला लागले म्हणणाऱ्यांनी पडलेला केस हातात घेऊन बघा. टोकाला पांढरा बारीक गड्डा असेल तर तो मुळापासून गळलाय, त्याचं कारण बऱ्याचदा रक्तातलं लोह, थायरॉईड, दोन-तीन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप किंवा बाळंतपण असतं. गड्डा नसेल तर तो मधेच तुटलाय, तिथं ब्लीचचा आणि स्ट्रेटनरचा विचार करा.

आणि सगळ्यात जास्त काळजी मला आपल्या आया-काकूंची वाटते. पोरी निदान पार्लरला जातात, ह्या घरी काळी मेंदी लावतात आणि मेंदीच आहे की, नैसर्गिक आहे म्हणून निर्धास्त असतात. मेंदीच्या पानाचा रंग लालसर-केशरीच, तिच्यानं केस काळे होत नाहीत. पांढऱ्यावर आधी मेंदी आणि मग नीळ (कपड्याची नव्हे, इंडिगोच्या पानांची पावडर) अशी दोनदा लावली तर गडद होतात, पण तासाभरात काळेभोर करणाऱ्या पॅकेटच्या मागं बारीक अक्षरात बहुतेक वेळा पीपीडी म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन लिहिलेलं असतं. कित्येक वर्षं काही न होता एखाद्या वेळी ते अचानक अंगावर येतं, टाळूला खाज, कानामागं पुरळ, डोळे सुजून बंद, आणि एकदा अ‍ॅलर्जी आली की सहसा जन्मभर राहते. कानामागं थोडं लावून 48 तास थांबायचं, दरवेळी, तोच ब्रँड असला तरी. चेहरा सुजला तर घरात हळद-दही लावत बसू नका, कोमट पाण्यानं डोकं धुऊन सरळ स्किनच्या डॉक्टरांकडं, शेजारी मिरज असताना आपल्याला दवाखान्यांची काय कमी, आणि श्वास लागत असेल तर तडक इमर्जन्सीत. जाताना ते रिकामं पॅकेट बरोबर घ्या, त्यात काय होतं ते डॉक्टरांना तिथंच वाचता येतं.