लॅपटॉपची बॅटरी : ९.४ वॅटवरून ५.१ वॅटपर्यंत

माझ्या लॅपटॉपचा वीजखर्च कमी कसा केला, त्याची ही नोंद. आधी मोजमापाचं एकक ठरवून घेतो. ‘बॅटरी किती तास टिकते’ याला एकच उत्तर नसतं, म्हणून या नोंदीत तासांऐवजी वॅट दिसतील. बॅटरीत किती वॅट-अवर आहेत आणि लॅपटॉप किती वॅट खातोय, या दोन आकड्यांचा भागाकार केला की तास आपोआप मिळतात. कोपऱ्यातला ‘इतके तास शिल्लक’ हा अंदाज मी लपवूनच टाकलाय. तो गेल्या काही मिनिटांच्या वापरावरून काढलेला असतो. एखादी जड वेबसाइट उघडली की निम्म्यावर येतो आणि बंद केली की पुन्हा वर चढतो.

यंत्र असं आहे : इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, १४ इंची एलसीडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, वर लिनक्स. बॅटरी तीन सेलची, ११.५५ व्होल्टची, मूळ क्षमता ५७ वॅट-अवर. आता पूर्ण चार्ज केल्यावर ४६ भरतात, म्हणजे सुमारे ८१ टक्के. लिनक्सवर हे आकडे सिस्टिमच्या पॉवर सप्लाय फोल्डरात ‘एनर्जी फुल’ आणि ‘एनर्जी फुल डिझाइन’ या फाइलींत मिळतात. ते मायक्रोवॅट-अवरमध्ये असतात, दहा लाखांनी भागायचं. विंडोजवाल्यांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ची ‘बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा चालवावी. मूळ क्षमता, आजची क्षमता आणि अलीकडच्या वापराचा इतिहास असं सगळं एका पानावर येतं.

मोजायची पद्धत दरवेळी एकच : चार्जर काढलेला, वायफाय चालू, एक टेक्स्ट एडिटर उघडा, हात कीबोर्डपासून लांब. ‘पॉवर नाऊ’ फाइल दर काही सेकंदांनी वाचायची आणि दहा मिनिटांची सरासरी घ्यायची. चार्जर काढल्यानंतरची पहिली दोन मिनिटं सोडून द्यायची, कारण तेव्हा आकडा अजून स्थिरावलेला नसतो. काही लॅपटॉपमध्ये ही फाइलच नसते, फक्त करंट आणि व्होल्टेज मिळतं. तिथे गुणाकार करावा.

पडदा पूर्ण उजळ ठेवून पहिला आकडा आला ९.४ वॅट. काहीच काम चालू नसताना! ४६ भागिले ९.४ म्हणजे पाच तासही नाहीत.

पडदा

इथे नवं सांगण्यासारखं काही नाही. उजेड १०० वरून ४० टक्क्यांवर आणला आणि ७.३ वॅट झाले. एका फटक्यात २.१ वॅट, तेही फुकट. डार्क थीमने मात्र काडीचा फरक पडला नाही, आणि पडायचं कारणही नाही : एलसीडीत मागचा बॅकलाइट काळ्या चित्रालाही तेवढाच जळतो. ओएलईडी पडदा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे काळा पिक्सेल म्हणजे खरोखर बंद पिक्सेल. १२० हर्ट्झचा पडदा असणाऱ्यांनी बॅटरीवर असताना ६० करून एकदा मोजावं.

झोपू न देणारा भाग

सगळ्यात जास्त मजा इथे आली. पॉवरटॉप हे वीजखर्च दाखवणारं साधन उघडलं आणि ‘आयडल स्टॅट्स’च्या पानावर गेलो. प्रोसेसरचे सगळे कोअर ९७ टक्के वेळ गाढ झोपेत दिसत होते. पण शेजारचा पॅकेजचा, म्हणजे कोअर आणि त्यांच्या आजूबाजूचं सगळं धरून अख्ख्या चिपचा, रकाना पाहिला तर तो सी३ च्या पुढे जायलाच तयार नव्हता. सी-स्टेट म्हणजे झोपेची पातळी; आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ. या प्रोसेसरचं पॅकेज सी८, सी१० पर्यंत जाऊ शकतं. कोअर झोपले तरी मेमरी कंट्रोलर, कॅश, आतले बस हे सगळं जागंच राहतं, जोवर पॅकेजला जोडलेलं प्रत्येक उपकरण ‘माझी हरकत नाही’ म्हणत नाही. घरात एक जण वाचत बसला की हॉलचा दिवा सगळ्यांसाठी चालू राहतो, तसं.

मग हरकत घेणारा कोण? पीसीआय एक्सप्रेस या आतल्या जोडणीवरच्या उपकरणांची तपशीलवार यादी काढली आणि प्रत्येकापुढे एएसपीएम काय म्हणतंय ते पाहिलं. एएसपीएम म्हणजे ती लिंक रिकामी असताना तिला आपोआप झोपवणारी सोय. वायफायपुढे एल१ (लिंकची झोप) चालू, एसएसडीपुढे चालू, आणि एसडी कार्ड रीडरपुढे ‘डिसेबल्ड’. त्या खाचेत कार्ड कधी घातल्याचं आठवतही नाही. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन रीडर बंद केला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि पॅकेज सी८ मध्ये ८० टक्क्यांहून जास्त वेळ. आकडा ७.३ वरून ५.७.

कार्ड रीडर स्वतः १.६ वॅट खात नव्हता, हे लक्षात घ्या. त्याची लिंक जागी, म्हणून बाकी सगळे जागे. त्यामुळे ‘कुठला भाग जास्त वीज खातो’ असं शोधत बसलो असतो तर तो कधीच सापडला नसता. ज्यांची बॅटरी कारण नसताना लवकर संपते त्यांनी पहिल्यांदा पॅकेजचा रकाना बघावा, बाकी सगळं नंतर. काही एनव्हीएमई एसएसडीही असाच अडथळा करतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रांत तर एक गंमतच होते : कार्डाचं तापमान दाखवणारं विजेट दर दोन सेकंदांनी कार्डाला विचारतं, आणि विचारण्यासाठी त्याला उठवतं. वीज वाचतेय का हे बघायला लावलेलं विजेटच वीज खातं.

याच मालिकेतलं छोटं प्रकरण म्हणजे घड्याळ. पॅनेल सेल्फ रिफ्रेश नावाची सोय असते. चित्र बदलत नसेल तर पडदा स्वतःच्या मेमरीतून तेच चित्र दाखवत राहतो आणि ग्राफिक्सचा भाग विश्रांती घेतो. घड्याळात सेकंद चालू असतील किंवा कर्सर लुकलुकत असेल तर चित्र सतत बदलतं आणि विश्रांती मोडते. दोन्ही बंद केल्यावर ५.३. विंडोज ११ मध्ये सेकंद दाखवण्याच्या पर्यायापुढेच ‘जास्त वीज लागते’ असं लिहिलेलं आहे. आधी मला ती अतिशयोक्ती वाटायची.

उरलेलं ०.२ ब्लूटूथ आणि साउंड चिपच्या पॉवर सेव्हिंगमधून आलं. पॉवरटॉपचं ‘ऑटो ट्यून’ मी वापरत नाही. ते सरसकट सगळं चालू करतं, यूएसबी माऊस हलवायच्या आधीच झोपतो, आणि रीबूट केलं की सेटिंग गायब. टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर बसवलंय, ते माऊस-कीबोर्डला हात लावत नाही. टीएलपी आणि त्याच कामाचं पॉवर प्रोफाइल्स डेमन एकत्र ठेवू नका, दोघं एकमेकांची सेटिंग पुसत बसतात.

प्रोसेसरचा वेग

टर्बो (प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवणारी सोय) बंद करून आयडलचा, म्हणजे काही काम नसतानाचा, आकडा मोजला : तोच. प्रोसेसर झोपलेलाच असेल तर त्याचा कमाल वेग किती याला अर्थ नाही. छोटी कामं पटकन संपवून परत झोपणं बहुतेक वेळा परवडतं. लांबलचक कंपाइल (कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याचं जड काम) मात्र टर्बोशिवाय कमी ऊर्जेत होतं, कारण वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. अंडरव्होल्टिंगचा, म्हणजे प्रोसेसरला मुद्दाम कमी व्होल्टेज देण्याचा, रस्ता बऱ्याच यंत्रांत २०१९ च्या ‘प्लंडरव्होल्ट’ या सुरक्षा-त्रुटीनंतर बायोस अपडेटने बंद झालाय. माझ्याही.

व्हिडिओ

एकच १०८०पी व्हिडिओ, साठवण्याच्या दोन पद्धती (कोडेक), दोन आकडे : एव्ही१ मध्ये ११ वॅट, व्हीपी९ मध्ये ७.६. इंटेलमध्ये एव्ही१ डीकोड करणारं हार्डवेअर अकराव्या पिढीपासून आलं. त्याआधीच्या यंत्रांत ते काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंगमध्ये एव्ही१ बंद करता येतं, मग साइट सहसा व्हीपी९ किंवा एच.२६४ पाठवते. खात्री करायची तर ‘इंटेल जीपीयू टॉप’ चालवा. व्हिडिओ चालू असताना व्हिडिओ इंजिन शून्यावर दिसलं तर हार्डवेअर वापरलं जात नाहीये.

झाकण बंद असताना

झोपेत ‘पॉवर नाऊ’ वाचता येत नाही, म्हणून झाकण लावण्याआधीची आणि उघडल्यानंतरची ऊर्जा वजा करून तासांनी भागली. एस२आयडल प्रकारच्या हलक्या झोपेत ०.९ वॅट, डीप म्हणजे जुन्या, गाढ झोपेच्या एस३ मध्ये ०.२५. आठ तासांच्या रात्रीत ७.२ विरुद्ध २ वॅट-अवर. पहिल्या प्रकारात सकाळी उठेपर्यंत बॅटरीचा सहावा हिस्सा जवळजवळ गेलेला असतो. या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये एस३ आहे म्हणून ते निवडता आलं. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते नसतंच. तिथे थोडा वेळ झोप आणि मग हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून यंत्र बंद), असं लावून ठेवावं.

बॅटरीचं वय

इथवरचं सगळं एका चार्जमध्ये जास्त काम काढण्याबद्दल होतं. बॅटरी जास्त वर्षं टिकवणं हे निराळं काम, आणि दोन्हींची थोडी ओढाताण असते. लिथियम-आयन सेलला पूर्ण चार्ज अवस्थेत पडून राहणं आवडत नाही, आणि उष्णतेत तर मुळीच नाही. माझ्या बॅटरीचे सेल ३.८५ व्होल्टच्या जातीचे, पूर्ण भरल्यावर ४.४ व्होल्टला पोचतात. टेबलावर दिवसभर चार्जर लावून काम असतं, म्हणून टीएलपीमध्ये चार्ज ७५ च्या खाली गेला तरच सुरू आणि ८० ला बंद अशी मर्यादा घातलीय. ८० टक्के म्हणजे ३६.८ वॅट-अवर, ५.१ वॅटने सव्वासात तास. मर्यादा न घालता, जुन्या खर्चात पूर्ण बॅटरी याहून सव्वादोन तास कमी चालायची. लांब बाहेर जायचं असेल तर आदल्या रात्री नाही, निघायच्या आधी १०० पर्यंत भरतो.

महिनोन्महिने ७५-८० मध्येच फिरवत राहिलं तर आतला मोजणारा चिप अंदाजाने चालू लागतो आणि १५ टक्क्यांवर यंत्र अचानक बंद पडू शकतं. त्यासाठी अधूनमधून एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरावी. यात सेलचं काही भलं होत नाही, फक्त मीटर जागेवर येतो. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेना, तर मोजमाप सोडून द्या. बॅटरी फुगलीय, चार्जर काढा आणि ती बदला. टोचून हवा काढण्याचे सल्ले देणाऱ्यांपासून लांब राहा.

पुढचा टप्पा नवी बॅटरी. तास वाढतील हे उघड आहे. पण त्याच पद्धतीने आयडल पुन्हा मोजणार आहे, आणि तिथे ५.१ च यायला हवेत. आकडा वेगळा आला तर नव्या बॅटरीच्या मोजणाऱ्या चिपवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.