नोंद ११ : ०.७९ गिगाहर्ट्झचं कोडं

लोकांनी दिलेले जुने संगणक दुरुस्त करून मी दुसऱ्यांना वापरायला देतो. या खेपेला १४ यंत्रं आली, ९ लॅपटॉप आणि ५ डेस्कटॉप. ८ तयार झाली, ३ सुट्या भागांसाठी उघडली, २ अडून बसलीत आणि उरलेल्या एकाने माझे दोन रविवार खाल्ले. त्याचीच गोष्ट मुख्यतः सांगायची आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपला, तेव्हापासून माझ्याकडे इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचे लॅपटॉप जास्त येतात. धडधाकट असतात, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. पळवाटेने ११ टाकता येतं, हे ठाऊक आहे. तरी दुसऱ्याच्या हाती द्यायच्या यंत्रावर मी ते करत नाही. अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि उद्या काही अडलं तर त्या माणसाने कुणाकडे जायचं? म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली), ८ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारा वेगवान ड्राइव्ह. हार्ड डिस्क ठेवून ‘चालतंय की’ म्हणत दिलेलं यंत्र कपाटात जाऊन पडतं, हे मी पहिल्या वर्षी पाहिलंय.

तर हा लॅपटॉप. बॅटरी फुगलेली होती, इतकी की टचपॅड वर उचलला गेला होता आणि क्लिकच होत नव्हतं. ती अलगद काढली (धातूच्या पट्टीने उचकटू नका, प्लास्टिकचीच वापरा) आणि ई-कचऱ्याच्या डब्यात वेगळी ठेवली. नवी एसएसडी, ताजं मिंट. ब्राउझर उघडायला घातला आणि चहा करून आलो तरी खिडकी अर्धीच.

पहिला संशय उष्णतेवर. पंख्यामागच्या जाळीत धुळीचा नमदा बसला होता, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या थर्मल पेस्टचा खडू झालेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट लावली. तापमान ४५ अंशांवर आलं, वेग मात्र जिथल्या तिथे. मग रात्रभर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) चालवली, एकही चूक नाही. एसएसडी बदलून पाहिली, तेच. शेवटी प्रोसेसरचा प्रत्यक्ष वेग छापून बघितला, तर चारही ओळींत ०.७९ गिगाहर्ट्झ. काहीही चालवा, काटा हलत नाही.

दोष चार्जरचा होता. या लॅपटॉपच्या चार्जरच्या टोकात मधोमध केसासारखी बारीक पिन असते. तिच्यातून लॅपटॉप चार्जरमधल्या छोट्या चिपला विचारतो, ‘तू किती वॅटचा?’ उत्तर आलं नाही तर तो चार्जर अनोळखी धरतो, बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरला लगाम घालतो. टोकाजवळ वायर दुमडून दुमडून आतली नेमकी तीच तार तुटली होती. वीज व्यवस्थित येत होती, म्हणून शंकाच आली नाही. ‘बॅटरी चार्ज होत नाही’ ही एरवी लगेच दिसणारी खूण मी स्वतःच बॅटरीबरोबर काढून टाकली होती! सुरू होताना अडॅप्टरबद्दल एक इशारा यायचा, तो मी सवयीने एंटर दाबून घालवत होतो. दुसरा चार्जर लावला आणि वेग क्षणात २.४ वर.

आता प्रत्येक लॅपटॉपबरोबर त्याचाच चार्जर तपासतो, टेबलावरचा माझा नाही. हे आधीच करायला हवं होतं.

डेटा पुसण्याबद्दल थोडं. एसएसडीवर शून्यं लिहीत बसण्यात अर्थ नाही, ड्राइव्हने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या सेलपर्यंत ती पोचत नाहीत. ड्राइव्हची स्वतःची सिक्युअर इरेज आज्ञा वापरायची. ती बरेचदा ‘फ्रोझन’, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद आहे, म्हणून नकार देते. अशा वेळी लॅपटॉप झोपवून जागा केला की बहुतेकदा कुलूप सुटतं. भाच्याला हे दाखवलं तर म्हणाला, “मामा, आपल्यासारखंच आहे, झोप काढली की ऐकतं.”

अडलेल्या दोन यंत्रांना बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होतानाच अडवणारा पासवर्ड आहे. देणाऱ्यांना अनुक्रमांक कळवलेत. त्यांनी पासवर्ड दिला तर ठीक, नाहीतर स्क्रीन आणि कीबोर्ड काढून घेईन. चोरीचा माल नसल्याची खात्री पटेपर्यंत मी कुलूप तोडत नाही.

गेलेल्यांपैकी एक यंत्र चौथ्या दिवशी परत आलं. कॉलेजचे ऑनलाइन तास करणारी मुलगी, तक्रार एकच, ‘कॅमेरा काळा दिसतो’. ड्रायव्हर तपासले, मिंट पुन्हा टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात नखाला लेन्सवरची सरकती पट्टी लागली. ती उघडून, स्क्रीन पुसून लॅपटॉप लगेच तिच्या हातात दिला. पुढच्या खेपेसाठी त्या बारीक पिनचे तीन चार्जर मागवलेत.