पाणी मारलेलं झाड

मोहोराच्या दिवसांत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, एका काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, आमची कीटकनाशकांची चाचणी चालू होती. कीड ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो बग. हा कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसतो, लाळ आत भिनते, तिथे काळपट चट्टे पडतात, डिंक पाझरतो आणि सगळा मोहोर करपून जातो. काही झाडांना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, 10 लिटर पाण्याला 6 मिली, काहींना प्रोफेनोफॉस, आणि तुलनेसाठी काहींना नुसतं पाणी.

फवारणीनंतरची मोजणी सकाळीच उरकावी लागते, ऊन चढलं की ढेकण्या पानाआड दडतो. एका झाडाचे 52 शेंडे, चारही बाजूंचे तेरा-तेरा. चट्टा नसेल तर 0, शेंडा वाळलेला असेल तर 4. कंटाळवाणं काम, मान अवघडते.

मेरेजवळच्या पाण्याच्या झाडाशी आलो. शून्य, शून्य, एक, शून्य. वही धरलेला पोरगा म्हणाला, "सर, पंप बदलले नाहीत ना?" मी वर बघेपर्यंत मानेला कडकडून चावा बसला. हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या! पानं शिवून केलेली त्यांची घरटी फांदीफांदीला होती. एका फांदीवरून चौघंपाचजण ढेकण्याचं पिल्लू ओढून नेत होते. पाठीवर टाचणीसारखा काटा, ओळख चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

हुमले ढेकण्या खातात हे पुस्तकात वाचलेलं होतंच. पण औषध मारलेल्या झाडांवरची घरटी ओस पडलेली, आणि तिथल्या शेंड्यांवर नवे चट्टे दिसू लागलेले. ढेकण्या अंडी शेंड्याच्या आत घालतो, तिथवर फवारा पोचत नाही. पिल्लं बाहेर आली तेव्हा त्यांना खायला कोणी उरलं नव्हतं.

मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, "आकडा ठेवा, शेऱ्यात मुंग्या लिहा." ते बरोबरच. पण त्या एका झाडाने पाण्याची सरासरी सुधारणार आणि औषधं उगाच कमजोर दिसणार, ही माझी डोकेदुखी. शिवाय हुमलेही काही संत नव्हेत. पिठ्या ढेकूण या दुसऱ्या किडीला तेच सांभाळतात, आणि त्यांच्या झाडाखाली बेणणीला, म्हणजे तण काढायला, गडी उभा राहत नाही.

भाटकार काका मात्र खूश. "सर, आजूबाजूच्या चार झाडांनाही आता पाणीच मारा," म्हणून हटून बसले. चाचणी अशी मधेच बदलता येत नाही हे मी त्यांना समजावत होतो, आणि सदऱ्याच्या आत आणखी दोन हुमले चावत होते.