तुटलेलं बोट पुन्हा येतं, पण नखाच्या मुळापुढचंच

पालीची शेपटी पुन्हा येते हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. माणसाच्या बोटाचा शेंडाही येतो, हे मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोलीत पॉवर प्रेस चालवणाऱ्याला, गुऱ्हाळात चरकात ऊस घालणाऱ्याला किंवा कडबाकुट्टीवर बसणाऱ्याला कुणी सांगत नाही. खरं तर सर्वांत आधी त्यांनाच ते कळायला हवं.

१९७४ साली शेफील्डच्या सिंथिया इलिंगवर्थ यांनी लहान मुलांच्या तुटलेल्या बोटांची नोंद प्रसिद्ध केली. शेवटच्या सांध्यापुढे तुटलेलं बोट टाके न घालता नुसत्या स्वच्छ ड्रेसिंगखाली ठेवलं, तर सुमारे तीन महिन्यांत शेंडा नखासकट भरून येत होता. मोठ्यांतही हे होतं, पण कमी प्रमाणात आणि सावकाश.

यामागची यंत्रणा उंदरांत कळली. शेंडा कापल्यावर शरीर आधी उरलेलं हाड खायला लागतं. जवळजवळ निम्मं हाड झिजतं, मग कातडी त्याच्या खालून सरकून जखम बंद करते आणि तिथे न घडलेल्या पेशींचा कोंब तयार होतो. चार आठवड्यांच्या आसपास नवं हाड उभं राहतं. ते मूळ हाडापेक्षा सच्छिद्र असतं. कोंबातल्या पेशी हव्या त्या अवयवाच्या होत नाहीत: हाडाच्या पेशी हाडच देतात, कातडीच्या कातडी.

पण घाव नखाच्या मुळामागे बसला की सगळं थांबतं, नुसता व्रण उरतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मायुमी इटो यांच्या गटाने उंदरांतच याचं कारण दाखवलं. नखाच्या मुळातल्या मूळपेशींमधून ‘विंट’ नावाचा संकेत सुरू होतो, तो मज्जातंतूंना ओढून घेतो आणि मग कोंब वाढतो. हा संकेत बंद केला तर शेंडा येत नाही. नखाच्या मुळामागे कापलेल्या बोटात तो मुद्दाम चालू ठेवला, तर येतो. टेक्सासचे केन मुनेओका यांच्या गटाने बीएमपी-२ आणि बीएमपी-९ ही प्रथिनं ओळीने देऊन उंदराच्या कापलेल्या बोटात हाड आणि सांधाही उगवून दाखवला. अख्खा हात उगवणं अजून फार लांब आहे, आणि तसं आश्वासन देऊन औषध विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

आता जखम झाली तर. अंगठी ताबडतोब काढा, सूज आल्यावर ती निघत नाही. स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबा, हात छातीच्या वर धरा. चुना, हळद, कॉफी पावडर, ग्रीस यातलं काहीही लावू नका, नंतर जखम धुताना तेच आधी खरवडावं लागतं. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

हाड बाहेर आलेलं नसेल आणि नखाचं मूळ शाबूत असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: कातडी ओढून शिवण्याऐवजी पारदर्शक फिल्मचं बंद ड्रेसिंग चालेल का? ते साधारण आठवड्याने बदलतात. आत तपकिरी पाणी साठतं आणि भयंकर वास येतो. इथेच बहुतेक जण घाबरून पट्टी काढतात, जखम वाळते, खपली धरते आणि भरण मंदावतं. नुसता वास म्हणजे पू नव्हे. ठणका वाढला, लाली मनगटाकडे चढली किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम भरेपर्यंत तंबाखू आणि मिसरी पूर्ण बंद, कारण निकोटिन बोटाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. कातडी यायला महिना-दीड महिना लागतो, नख त्यानंतरही महिन्याला तीनेक मिलिमीटर या गतीनेच पुढे सरकतं.