तुम्ही विचारलेत म्हणून: इतकी वर्षे एकट्याने बाइक चालवलीत, मग आता बाइकवाल्यांचा ग्रुप कशाला?

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्यात थोडी शंकाही असते. इतक्या जुन्या बाइकवाल्याला सोबतीची गरज का पडावी, आणि पडलीच तरी ज्यांनी अलीकडे क्लच सोडायला शिकले त्यांच्या रांगेत त्याने काय म्हणून जाऊन उभे राहावे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. मी सोबतीसाठी गेलो नाही; एकदा हेल्मेटची काच खाली आली की ग्रुपमधलाही प्रत्येक जण एकटाच असतो. आपले चालवणे कुणीतरी मागून पाहावे, एवढ्यासाठी मी गेलो.

एकट्याने फिरणाऱ्याची गाडी कुणी पाहत नाही. त्याच्या सवयी, मग त्या चांगल्या असोत की वाईट, कुणाच्याही नजरेखालून न जाता वर्षानुवर्षे मुरत राहतात. वळण दिसू लागले की थ्रॉटल मिटून, एकेक गिअर उतरवत, ब्रेकला हात न लावता वेग कमी करण्याची माझी पद्धत घ्या. गाडी हिसका न बसता सावरलेली राहते, पॅडही कमी झिजतात, आणि मला ही पद्धत आजही आवडते. पण नव्या ग्रुपबरोबरच्या पहिल्याच राइडमध्ये माझ्या मागे असलेली मुलगी थांब्यावर हेल्मेट काढत म्हणाली, ‘‘काका, तुमची गाडी मध्येच एकदम मोठी दिसायला लागते.’’ इंजिनाच्या जोरावर वेग उतरवला की ब्रेक लाइट लागत नाही, त्यामुळे पुढची गाडी मंदावली हे मागच्याला अंतर घटल्यावरच कळते. यावर उपाय सोपा आहे: ब्रेकचा लिव्हर किंचित ओढायचा, बहुतेक गाड्यांत पॅड डिस्कला घट्ट धरण्यापूर्वीच दिवा लागतो. मागे दुसरी गाडी नसती, तर हे मला कोण सांगणार होते?

रांगेतल्या जागेवरून जुन्या लोकांचा मान हमखास दुखावतो. नव्याने आलेल्याला, त्याचा अनुभव कितीही असो, बहुधा लीडच्या, म्हणजे सर्वांत पुढे राहून ग्रुप नेणाऱ्याच्या, लगेच मागे ठेवतात. अनेकांना हे आपल्यावर पहारा ठेवल्यासारखे वाटते, आणि पहारा असतोही. लीडच्या आरशात तुम्ही सतत दिसत असता. पण खरे कारण रांगेच्या ताणल्या जाण्यात आहे. वळणातून बाहेर पडून लीडने वेग वाढवला की दुसरा क्षणभर उशिरा वाढवतो, तिसरा त्याहून उशिरा, आणि हा उशीर मागे मागे साचत जातो. मग शेवटच्या गाडीला सुटलेले अंतर भरून काढण्यासाठी लीडपेक्षा बराच जास्त वेग घ्यावा लागतो, आणि पुढचे मंदावले की तिलाच सर्वांत जोरात ब्रेक मारावा लागतो. म्हणून शेपटाकडे ग्रुपच्या सवयी ठाऊक असलेली माणसे लागतात, आणि सर्वांत शेवटी स्वीप, म्हणजे मागे कुणी राहिले नाही ना हे पाहणारा रायडर. नवख्याला पहिल्याच दिवशी शेवटी सोडून देणाऱ्या ग्रुपबरोबर मी तरी दुसऱ्यांदा जाणार नाही.

सरळ रस्त्यावर गाड्या आलटून-पालटून चालतात: लीड आपल्या लेनमध्ये मध्यरेषेच्या बाजूला, दुसरा एका सेकंदाच्या अंतराने कडेच्या बाजूला, तिसरा पुन्हा लीडच्या रेषेत पण त्याच्यापासून दोन सेकंद मागे. ताशी 80 किलोमीटर वेगाला दोन सेकंद म्हणजे सुमारे 44 मीटर, आणि एकट्याने चालवणाऱ्याला इतके अंतर सुरुवातीला उगाच वाया घालवलेले वाटते. वळणांवर मात्र ही मांडणी मोडून एकामागे एक व्हायचे, कारण वळणात आपली रेषा निवडायला प्रत्येकाला लेनची पूर्ण रुंदी हवी असते. जुना अनुभव उपयोगी पडतो तो इथे. नवखा रायडर पुढच्याच्या टेल लाइटला डोळे चिकटवून बसतो, आणि मोटरसायकल नजर जाईल तिकडे जात असल्यामुळे पुढचा वळणात बाहेर फेकला गेला तर हाही त्याच्या मागोमाग जातो. पुढच्या गाडीच्या पलीकडे, वळण जिथे उलगडते तिथे पाहण्याची सवय एकट्याने केलेल्या प्रवासांतच लागते, आणि ती ग्रुपमध्ये सोडू नये.

बाकीचे नियम लवकर अंगवळणी पडतात. पेट्रोलचा थांबा सर्वांत लहान टाकीच्या हिशेबाने ठरतो. उजव्या बाजूचा खड्डा उजव्या पायाने दाखवतात, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो. न रुचणाऱ्या गोष्टीही आहेत: सायलेन्सरच्या आवाजावरच्या न संपणाऱ्या चर्चा, आणि दर थांब्यावर गाड्या ओळीत लावून काढायचे फोटो. त्या वेळात मी चेनचा ताण आणि टायर पाहून घेतो.

एकट्याने जाणे मी थांबवलेले नाही. ग्रुप निवडताना मात्र मी गाड्यांचे सीसी विचारले नाहीत. अर्ध्या वाटेतून परत फिरायचे झाले तर काय करायचे, एवढेच विचारले. एके ठिकाणी ‘‘तसे कुणी करत नाही’’ असे हसून उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, ‘‘थांब्यावर लीडला आणि स्वीपला सांगा, मग खुशाल निघा, आणि पोचल्यावर कळवा.’’ मी त्या दुसऱ्यांकडे नाव दिले.