आमची वाटचाल : वायरिंगकडून गळतीकडे

आमची सुरुवात गाड्यांच्या वायरिंगच्या कामाने झाली. सेंट्रल लॉक चालत नाही, काच मध्येच अडकते, मीटरवर नको तो दिवा लागतो, अशा तक्रारी घेऊन जुन्या गाड्या यायच्या. सीटखालचा कनेक्टर उघडला की पिना हिरव्या पडलेल्या. त्या साफ केल्या की काम चालू व्हायचं. पण कार्पेट दाबल्यावर हाताला पाणी लागत असेल, तर ती दुरुस्ती टिकणार किती? म्हणून आम्ही पाण्याच्या मागे लागलो आणि हळूहळू तेच आमचं मुख्य काम झालं.

गळती बुजवायला फारसा वेळ लागत नाही, शोधायला लागतो. पाणी साचतं तिथूनच शिरलेलं असतं, असं क्वचितच घडतं. छताच्या जोडातून आलेला थेंब खांबाच्या आतून, वायरिंगच्या जुडग्यावरून घसरत थेट पायाशी येतो. शिवाय कार्पेटखालचा फोम वरून कोरडा वाटला तरी आत ओल धरून ठेवतो. त्यामुळे आम्ही आधी सीट-कार्पेट काढून पत्रा पूर्ण वाळवतो. एवढी उलथापालथ कशाला, असं ग्राहकांना वाटतं. पण आधीच ओल्या असलेल्या पत्र्यावर नवा ओघळ ओळखूच येत नाही.

पाइप हातात घेण्याआधी चौकशी करतो. पाऊस नसताना, नुसत्या एसीने पुढचा भाग ओला होतो का? मग एसीची ड्रेन नळी तुंबली असण्याची शक्यता जास्त. ओल चिकट, वास गोडसर, काचेवर आतून तेलकट थर? ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे, हीटरमधून आलेलं.

मग एक जण बाहेर पाइप धरतो, दुसरा टॉर्च घेऊन आत बसतो. पाण्याला जोर नको. प्रेशर वॉशरने एरवी जिथून शिरलं नसतं तिथूनही पाणी घुसतं. सुरुवात खालून, मग टप्प्याटप्प्याने वर. वरून सुरू केलं तर ओघळ सगळ्याच जोडांवरून जातो आणि काहीच उलगडत नाही. संशयाच्या जागी आतून टाल्कम पावडर भुरभुरवतो. थेंब उतरला की पावडरीत बारीक रेघ उमटते. ती दिसेपर्यंत आमच्याकडे सीलंटची ट्यूब उघडली जात नाही.

बऱ्याचदा कारण साधंच निघतं. वायपरखालच्या जाळीत पानांचा कुजलेला गाळ. सनरूफच्या तुंबलेल्या नळ्या. त्यांत आम्ही जोरात हवा कधीच मारत नाही, कारण नळी सांध्यातून निसटते आणि गळती छताच्या आत सुरू होते. दाराचं तर वेगळंच आहे. काचेच्या कडेने दारात पाणी उतरतंच, तळाच्या भोकांतून ते बाहेर जायला हवं. पण स्पीकर बसवताना कुणीतरी पॅनेलमागचं प्लास्टिक सोडवलेलं असतं आणि ते पुन्हा नीट चिकटवलेलं नसतं, मग दारातलं पाणी गाडीत येतं.

पुढची काच काढून बसवण्याचं काम नंतर आम्ही स्वतःकडे घेतलं, ते सिलिकॉनमुळे. गळती न शोधता काचेभोवती सिलिकॉन फासलेल्या गाड्या सतत येत होत्या. सिलिकॉनचा अंश राहिला तर युरेथेन, म्हणजे काच चिकटवायचा गोंद, धरत नाही, आणि गंजावरही धरत नाही. जुन्या गाडीत काचेखालची चौकट गंजलेली सापडतेच असं नाही, पण सापडली तर आधी गंज साफ, मग प्रायमर, मग काच. युरेथेन सुकल्यावर पाण्याची तीच चाचणी पुन्हा घेतो. शक्य असेल तेव्हा टॉर्च देऊन मालकांनाच आत बसवतो. कार्पेट त्यानंतर घालतो.